वाइतांगीचा किनारा

प्रस्तावना

प्रवासात आपण निसर्ग पाहतो, तसाच तेथील लोकांचा इतिहासही जाणून घेतो. प्रस्तुत पाठात न्यूझीलंडमधील एका किनाऱ्याचा व तेथील माओरी लोकांच्या वारशाचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

१८०९ साली कोलकात्याच्या बंदरात आताहोए नावाची एक माओरी स्त्री येऊन पोहोचली. ती ते पाही या माओरी प्रमुखाची कन्या. तिला व तिच्या इंग्रज पतीला एका जहाजाने मायभूमीपासून दूर नेले होते. परतीच्या वाटेवर १८१० मध्ये सिडनी येथे तिचे निधन झाले. तिची मायभूमी पुन्हा तिच्या दृष्टीस पडली नाही.

ती मायभूमी म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर भागातील ‘बे ऑफ आयलंड्स’ हा बेटांनी भरलेला उपसागर. १७६९ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांनी त्यास हे नाव दिले. येथील हवामान उपोष्ण आहे. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा तेथे उन्हाळा असतो. त्या काळात येणारी मोठी पर्यटक जहाजे उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवासी लहान नौकांतून वाइतांगीच्या धक्क्यावर उतरतात.

किनाऱ्यालगत सुमारे ३५ मीटर लांबीची युद्धनौका ठेवलेली आहे. कौरी वृक्षांच्या प्रचंड खोडांतून ती कोरली आहे. जवळच १९४० मध्ये खुले झालेले कोरीव सभागृह आहे. माओरी लोक सभागृहाला पूर्वजाचे शरीर मानतात. आढे हा त्याचा कणा, तर वासे या त्याच्या बरगड्या होत.

याच भूमीवर ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश प्रतिनिधी व माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. पुढे पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यास संमती दिली. बहुतेकांनी माओरी भाषेतील प्रतीवर सह्या केल्या. इंग्रजी प्रतीत ‘सार्वभौमत्व’ राणीकडे सोपवल्याचे म्हटले होते. माओरी प्रतीत त्या ठिकाणी ‘कावानातांगा’, म्हणजे केवळ ‘कारभार’, असा शब्द होता; शिवाय जमिनीवरील प्रमुखांचा अधिकार कायम राहील, असे वचन होते. या एका शब्दाच्या अंतरातून दीर्घ संघर्ष उद्भवला व माओरींच्या हातून बहुतांश जमीन गेली. अशा तक्रारींच्या चौकशीसाठी १९७५ मध्ये न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८७ मध्ये माओरी भाषेला राजभाषेचा दर्जा लाभला.

जहाज येथे काही तासच थांबते. तेवढ्या वेळातही प्रवाशाने ही कहाणी समजून घ्यावी. भाषेतील शब्द जपणे म्हणजे आपला हक्कही जपणे होय, हीच या किनाऱ्याची शिकवण आहे.

शब्दार्थ

उपोष्ण – उष्ण व समशीतोष्ण यांच्या मधले
आढे – छपराच्या मध्यभागी असलेला आडवा लाकडी भाग
सार्वभौमत्व – सर्वोच्च सत्ता

स्वाध्याय

१. माओरी सभागृहाला शरीराची उपमा का दिली जाते?
२. कराराच्या दोन प्रतींतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या बोलीतील एक शब्द निवडा. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ नेमका का उतरत नाही, ते पाच ओळींत लिहा.