लाजेचा नाही, अभ्यासाचा विषय

मैत्रिणींनो, बैठकीत व्याजाचा हिशोब आपण मोठ्यानं करतो. पण बाईच्या शरीराचा विषय निघाला की आवाज बारीक होतो. या विषयाचंही शास्त्र आहे : लैंगिक विज्ञान.

मराठीत ते लोकांपर्यंत नेलं रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव पुण्यात शिकले, गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

हे शास्त्र एकट्या डॉक्टरचं नाही. "सुनेला मुलगीच का झाली?" हाच प्रश्न घ्या.

जीवशास्त्र : आईकडून नेहमी ‘एक्स’ गुणसूत्र येतं, बापाकडून ‘एक्स’ आलं तर मुलगी, ‘वाय’ आलं तर मुलगा. ते कुणाच्या हातात नसतं. मग सुनेचा दोष कुठला?

मानसशास्त्र : रोजच्या टोमण्यांनी बाळंतिणीचं मन खचतं.

समाजशास्त्र : वंशाचा दिवा, जमीन, हुंडा यांतून मुलाचा हट्ट येतो.

कायदा : १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग तपासणं आणि सांगणं गुन्हा आहे.

एकाच प्रश्नाला चार बाजू. म्हणून अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर अंगारा-धुपारा नको. आशाताईंशी बोला, आरोग्य केंद्रात जा.

पुढच्या बैठकीत चर्चा करा : मुलगी झाली की आपल्या घरात बोल कुणाला लागतो?