शाळेतली नजर तपासणी : तक्ता कोणता निवडावा?

शिक्षक मित्रांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतही येतं. पथकातली परिचारिका नजर तपासते. पण वर्षभर मुलांसमोर आपणच असतो. म्हणून साधनांची ओळख हवी.

१) अक्षरांचा तक्ता : डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. यासाठी अक्षरओळख पक्की हवी.

२) 'ई' तक्ता : इंग्रजी ईची तोंडं कुठे आहेत, ते हाताने दाखवायचं. पहिलीतलं मूल असो की संग्रामपूरकडचं कोरकू बोलणारं, भाषा आड येत नाही.

३) चित्रांचा तक्ता : घर, सफरचंद, गोल, चौकोन. अंगणवाडीच्या चिमुकल्यांसाठी उत्तम.

अंतर मात्र टेपने मोजा. ६ मीटरचा तक्ता खोली लहान म्हणून ३ मीटरवर लावला, तर ६/१२ नजरेचं पोरगं ६/६ची ओळ वाचून मोकळं होतं! त्याचा दोष लपतो. खोली लहान असेल तर ३ मीटरसाठीच छापलेला तक्ता घ्या.

उजेड भरपूर असावा. एकेक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. एका जरी डोळ्याने ६/९ची ओळ वाचता आली नाही, तर मुलाला नेत्रतपासणीला पाठवा. तक्ता चष्म्याचा नंबर सांगत नाही. पुढे कोणाला पाठवायचं, एवढंच सांगतो.

फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी एकदा तक्त्यासमोर उभं करून बघा.