मृत देह : समज आणि सत्य

जन्मास आलेल्या प्रत्येकास मृत्यू अटळ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत असतो. तरीही मृत्यूविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलणे होत नाही. मुलाने काही विचारलेच, तर ‘असले अभद्र बोलू नये’ असे सांगून त्याला गप्प केले जाते. मग शंका तशीच राहते आणि ऐकीव गोष्टी खऱ्या वाटू लागतात. आत्मा, परलोक, पुनर्जन्म हे श्रद्धेचे विषय होत. त्यांत आम्ही शिरत नाही. परंतु मागे राहिलेल्या देहाचे काय होते, हे पाहता व तपासता येते. तेवढ्यापुरताच येथे विचार करू.

मरणानंतरही नखे व केस वाढत राहतात, ही समजूत फार जुनी आहे. वास्तविक वाढ व्हावयाची तर नव्या पेशी निर्माण झाल्या पाहिजेत आणि त्यासाठी रक्तातून प्राणवायू व साखर मिळाली पाहिजे. हृदय थांबले की हा पुरवठा तुटतो. मग दाढी वाढल्यासारखी का दिसते? त्वचा सुकते व आक्रसते. त्यामुळे आधीच असलेले केस व नखे अधिक उघडी पडतात, एवढेच.

दुसरी समजूत इतकी निरुपद्रवी नाही. मृताच्या पाठीवर निळेजांभळे डाग दिसले की ‘विष घातले असावे’ अशी कुजबुज सुरू होते आणि घरातील एखाद्या निरपराध सुनेवर संशयाची छाया पडते. अभिसरण थांबल्यावर रक्त स्वतःच्या भाराने खालच्या बाजूस उतरते. देह उताणा असेल तर पाठीवर, पालथा असेल तर छातीवर असे डाग उमटतात. ते नैसर्गिक मृत्यूतही दिसतात. विषप्रयोगाचा निर्णय वैद्यकीय तपासणीने करावयाचा असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.

तसेच काही तासांनी देह ताठ होतो, तो आत्मा अडकल्यामुळे नव्हे. स्नायू सैल होण्यासही शक्ती लागते. ती संपली की ते आवळलेले राहतात. पुढे पेशींचे विघटन होऊ लागले म्हणजे हा ताठरपणा आपोआप जातो. चितेवर हात आखडतात, तेही उष्णतेने स्नायू आकुंचन पावल्यामुळे. प्रेत उठून बसू पाहत होते, असे सांगणाऱ्याने दृश्य पाहिलेले असते, पण कारण जाणलेले नसते.

मृत देहावर शस्त्र चालविणे आपल्या परंपरेस संमत नाही, असेही म्हटले जाते. परंतु सुश्रुतसंहितेतच शवपरीक्षेची रीत सांगितली आहे. देह मुंजादी गवताने वेष्टून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावा आणि नंतर कुंच्याने हळूहळू खरवडून एकेक अवयव पाहावा, असे तेथे सांगितले आहे. पुढे ही प्रथा मागे पडली. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ते आयुर्वेदाचेच जाणते होते.

आता सर्वांत महाग पडणारी समजूत : नेत्रदान केल्यास पुढील जन्मी अंधत्व येते आणि मृताचा चेहरा विद्रूप होतो. पुढील जन्माचा पुरावा कोणापाशीच नाही. चेहऱ्याचे सांगता येईल. डोळे काढण्यास सुमारे २० मिनिटे पुरतात व पापण्या नीट मिटविल्या जातात, त्यामुळे अंत्यदर्शनास बाध येत नाही. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून हृदय थांबल्यावरही तो काही तास उपयोगी राहतो. या पडद्याचे यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म या शल्यवैद्याने १९०५ साली केले. एका मृताच्या डोळ्यांनी दोघांस दृष्टी लाभू शकते. चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेही यांनाही नेत्रदान करता येते. काही संसर्गजन्य रोग मात्र अपवाद होत.

वेळ थोडा असतो. साधारणतः ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके किंचित उंच करावे, पंखा बंद करावा आणि जवळच्या नेत्रपेढीस कळवावे. मृताने पूर्वी प्रतिज्ञापत्र भरले असले तरी घरच्यांची संमती लागते. शोकाच्या त्या घटकेस कोणास काही सुचत नाही. एखादे वृद्ध आप्त ‘नको’ म्हणतात आणि वेळ निघून जातो.

म्हणूनच, विद्यार्थीमित्रांनो, हा विषय घरात सर्वजण सुखरूप असतानाच काढावयाचा असतो. आपल्या देशात २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. तेव्हा निमित्तही मिळते. आजीआजोबांशी वाद घालू नका. त्यांची भीती आधी ऐकून घ्या, मग आपण काय शिकलात ते सांगा. निर्णय त्यांचा त्यांनी करावा; मात्र तो खोट्या समजुतीवर आधारलेला नसावा, एवढी काळजी आपण घेऊ या.