स्लाइडचा साचा एकदाच बनवा

सानगडीच्या एखाद्या फर्निचर कारागिराला साकोली-भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकापुढे संगणकावर माल दाखवायचा असेल, तर दर वेळी जुन्याच फाइलमध्ये खाडाखोड करू नये, असे आमचे मत आहे. कुठेतरी मागच्या गिऱ्हाइकाचा दर तसाच राहतो आणि सौदा फिसकटतो.

त्यापेक्षा साचा बनवावा. पॉवरपॉइंटच्या 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर' उघडावे. दुकानाचे नाव, फोन व रंग तिथेच द्यावेत. ते सर्व पानांवर आपोआप येतात. दर मात्र तिथे कधीच लिहू नये. फोटो, माप व दरासाठी रिकाम्या चौकटी ठेवाव्यात. फाइल 'टेम्पलेट' म्हणून साठवावी. डबल क्लिक केल्यावर नवी प्रत उघडते, मूळ साचा शाबूत राहतो. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही ही सोय आहे, आणि ते फुकट मिळते.

खरी अडचण मराठी अक्षरांची. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून विंडोजमधला 'निर्मला यूआय' किंवा मोफत मिळणारा 'मुक्ता' वापरावा.

पुढे फोन नंबर बदलला तर साचा दुरुस्त करावा. पण आधी बनवलेल्या फाइली त्याने बदलत नाहीत, त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.