कमरेतलं इंजेक्शन घेऊ की कळा सोसू?

प्रश्न : मला नववा महिना लागतोय. पहिलं बाळंतपण कळा सोसून झालं. जावेने कमरेत इंजेक्शन घेतलं; कळा जाणवल्या नाहीत, पण कंबर अजून दुखते. सासूबाई नको म्हणतात. काय करू?
– एक वाचक, वडपे (ता. भिवंडी)

उत्तर : ताई, बाळंतपणानंतरची कंबरदुखी इंजेक्शन न घेतलेल्यांनाही तितकीच होते. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि वाकून पाजणं ही तिची खरी कारणं. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, एवढंच. या इंजेक्शनने, म्हणजे एपिड्युरलने, सिझेरियनची शक्यताही वाढत नाही. मात्र बाळ बाहेर यायला जरा जास्त वेळ लागू शकतो, रक्तदाब उतरू शकतो, क्वचित डोकेदुखी होते. म्हणून भिवंडीत किंवा ठाण्यात नाव घालताना रात्रीही भूलतज्ज्ञ असतो का, हे विचाराच. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधीच सांगा.

इंजेक्शन नको वाटलं तर चालतं-फिरतं राहणं, कंबर चोळून घेणं, जवळ विश्वासाचं माणूस असणं यानेही कळा सुसह्य होतात. कळा सुरू झाल्यावरही निर्णय बदलता येतो, आणि तो तुमचाच. दुसऱ्या खेपेला बाळ बहुधा लवकर येतं आणि नाशिक महामार्गावरची कोंडी तुम्हाला ठाऊकच आहे. कळा सुरू होताच निघा, गाडी नसेल तर १०२ला फोन करा.