काळी मोहरी आली की

बुद्धिबळ स्पर्धेत पेअरिंग लागलं, काळी मोहरी आली, की आपल्या लेकरांचा चेहरा उतरतो. समोरचा राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो आणि ही मनातून तिथेच निम्मी हरलेली असतात.

मग आपण काय करतो? त्याच रात्री, कुकर गॅसवर असतानाच, मोबाइलवर ओपनिंगचं सगळ्यात जाडजूड पुस्तक मागवून टाकतो. ग्रँडमास्टरनं लिहिलंय, म्हणजे चांगलंच असणार. ऑफिस, डबे, गृहपाठ यांतून तेवढंच तर हातात असतं. पण पानोपानी चालींच्याच रांगा पाहून मूल आणखी धास्तावतं. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादची आपली मुलं क्लासमध्ये हिंदीत खेळतात, पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि घरी येऊन रडतात मराठीत. ते पुस्तक त्यांच्यासोबत कुणीतरी बसून वाचायला हवं असतं.

नवख्या मुलानं ई४ला, म्हणजे राजापुढच्या प्याद्याच्या त्या चालीला, ई५नंच उत्तर द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. मोहरी मोकळी बाहेर येतात, खेळ समजतो. त्याला खरी भीती असते ती एफ७च्या प्याद्याची. त्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार. पांढरा वजीर एच५वर येतो, उंट सी४वर, आणि चौथ्या चालीला मात! चारचौघांत असं हरल्याचं दुःख आपल्याला वाटतं त्याहून मोठं असतं. पटावर शेजारी बसून दाखवा: वजीर आला की घोडा सी६वर, उंट आला की जी६ करून वजिराला हाकलायचं, तो एफ३वर गेला की दुसरा घोडा एफ६वर. इतकं कळलं तरी मूल निवांत झोपतं.

पुस्तक निवडताना मधलंच एक पान उघडा. चालींपेक्षा शब्द जास्त आहेत का? ही चाल का, हे मूल वाचून तुम्हाला सांगू शकतं का? निकोलाओस न्टिर्लिस यांचं ‘प्लेइंग १.ई४ ई५’ (२०१६) उत्तम आहे, पण ते नेमानं रेटिंग स्पर्धा खेळणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. शांत, भक्कम खेळ आवडणाऱ्याला पुढे कारो-कान बचाव द्या. योव्हांका हाउस्का यांनी त्यावर लिहिलंय. तेही आधी चाळून बघा.

काळी मोहरी म्हणजे हार नव्हे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक जलद डाव ती काळ्या मोहऱ्यांनीच जिंकली. तो डाव ई४चा नव्हता, पण मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि पुस्तक मागवण्याआधी एकदा विचारा, “काळी मोहरी आली की तुला नेमकं काय वाटतं रे?” मूल सांगेल ते मध्येच न तोडता ऐका, मग मागवा.