निळा की बदामी? भिंतीचा रंग आणि उन्हाचा ताप

१४ एप्रिल जवळ आला की कवठे महांकाळच्या आपल्या वस्त्यांत घरं रंगवायची लगबग सुरू होते. दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. गडद निळा हा ‘थंड’ रंग, बदामी हा ‘उबदार’. घरभेटीला गेलो की बाया आम्हाला विचारतात, “ताई, थंड रंग लावला तर घर गार राहील ना?”

राहत नाही. थंड आणि उबदार हे डोळ्यांना काय वाटतं त्यावरून ठेवलेलं नाव आहे. उन्हाला फक्त गडद आणि फिकट कळतं. गडद भिंत ऊन शोषून घेते, फिकट भिंत त्यातलं बरंचसं परत फेकते. संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेकडच्या गडद भिंतीवर तळहात ठेवा, मग शेजारच्या फिकट भिंतीवर ठेवा. फरक हातालाच कळेल. दिवसभर तापलेली वीट रात्री घरात उष्णता सोडते. त्याचा त्रास तान्ह्या बाळांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसांना आणि बीपी-शुगरच्या पेशंटना जास्त होतो.

म्हणून एवढं करा :

१. बाहेरच्या, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला बदामी रंग किंवा पांढरा चुना लावा.

२. पत्र्याचं घर असेल तर आधी पत्रा पांढरा करा. सगळ्यात जास्त ऊन तिथंच पडतं. काम सकाळी लवकर उरका. चुना डोळ्यांत गेला तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

३. आतल्या भिंतीवर ऊन पडत नाही, तिथे प्रश्न उजेडाचा. एकच खिडकी असलेली खोली गडद रंगाने आणखी अंधारते आणि मुलांना दिवसाही दिवा लावून अभ्यास करावा लागतो.

मग निळा सोडायचा का? मुळीच नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्यापासून तो आपल्या स्वाभिमानाचा रंग आहे. दाराला, चौकटीला, बाबासाहेबांच्या फोटोमागच्या भिंतीला तो जरूर लावा.

रंगाने ताप कमी होतो, संपत नाही. उन्हाळ्यात कुणाचं अंग भाजल्यासारखं तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पोरांना निवांत झोप आणि पुस्तकावर उजेड मिळाला, तर जयंतीची रंगरंगोटी खरी कामी आली.